पळणे, बसणे आणि रक्ताची गुठळी



पावसाळा सुरू झाला की आपल्या दवाखान्यात एक साधी काचेची नळी फार मोलाची होते. शेतात काम करताना किंवा रात्री गोठ्याकडे जाताना साप चावला म्हणून कोणाला आणले, की सिस्टर त्याच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून ते नव्या, कोरड्या नळीत घालतात. नळी स्टँडला उभी करतात आणि वीस मिनिटे तिला कोणीही हात लावायचा नाही असे सांगतात. वीस मिनिटांनी ती एकदा आडवी करायची. रक्त घट्ट बसून राहिले, तर निदान त्या घडीला तरी ते गोठते आहे. पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्तातली गोठण्याची सामग्री संपवून टाकली आहे, आणि सर्पविषावरचे औषध लगेच सुरू करावे लागते. लाखो रुपयांच्या यंत्रांच्या काळातही खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत ही तपासणी टिकून आहे, कारण तिला वीज लागत नाही.

ती वीस मिनिटे नातेवाइकांना वीस तासांसारखी वाटतात. मागच्या पावसाळ्यात अशीच एक रात्र होती. वसतिगृहाचे वॉर्डनभाऊ एका मुलाला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आले होते. नळीकडे बघत बसले असताना त्यांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, विषानं रक्त असं बदलतं, तसं पळूनपण बदलतं का? माझी चौदा पोरं पोलीस भरतीची तयारी करतायत. त्यातल्या तिघांच्या कार्डावर सिकलसेल वाहक लिहिलंय. त्यांना पळवू का नको?"

मुलाचे रक्त गोठले होते. सहा तासांनी परत पाहिले तेव्हाही गोठले होते, आणि दोन दिवसांनी तो घरी गेला. वॉर्डनभाऊंना मात्र मी त्या रात्री एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झालो, आणि ते उत्तर अपुरे होते. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर आहे. तो आपल्या मुलांसाठी आहे तसाच, पन्नाशी उलटल्यावरही हंगामाच्या सणाला 'विवाहित विरुद्ध अविवाहित' रस्सीखेचीत उतरणाऱ्या आपल्या मंडळीतल्या बंधूंसाठीही आहे. त्यांची नावे मी लिहीत नाही. ती सर्वांना ठाऊक आहेत.

आधी रक्त गोठते कसे ते पाहू. रक्तवाहिनीला आतून एक अतिशय पातळ अस्तर असते. ते शाबूत असेपर्यंत रक्त त्यावरून सुखाने वाहते. कोठे कापले, खरचटले, अस्तर फाटले, की रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या तेथे धावून चिकटतात. त्या चिकटण्यासाठी एक डिंकासारखे प्रथिन लागते. ते या अस्तराच्या पेशींतच साठवलेले असते. पण प्लेटलेटचा हा बांध कच्चा असतो. त्याला पक्का करायला रक्तातले गोठणघटक एकामागून एक जागे होतात, वीटभट्टीवर एकाने दुसऱ्याच्या हातात वीट द्यावी तसे. डॉक्टर मंडळी या घटकांना रोमन आकड्यांनी ओळखतात. त्यातला आठवा घटक आज आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे. साखळीच्या शेवटी फायब्रिनचे धागे तयार होतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे प्लेटलेटना व रक्तपेशींना बांधून टाकतात. ही झाली गुठळी.

एवढ्यावर काम संपले असते, तर एका खरचटण्याने सगळे रक्त गोठून गेले असते. म्हणून देवाने शरीरात गुठळी विरघळवणारीही व्यवस्था ठेवली आहे. तेच अस्तर एक दुसरे द्रव्य सोडते. ते रक्तातल्या एका झोपलेल्या पाचकाला जागे करते आणि तो फायब्रिनचे धागे कुरतडून टाकतो. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवण्यासाठी रुग्णालयात जी महाग इंजेक्शने देतात, त्यांतली काही म्हणजे याच द्रव्याची कारखान्यात बनवलेली रूपे होत. बांधणे आणि सोडवणे या दोन्ही गोष्टी आपल्या अंगात अखंड चालू असतात. निरोगी माणूस म्हणजे ज्याच्या अंगात हा तराजू समतोल आहे तो. व्यायाम या तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजन टाकतो. कोणत्या पारड्यात किती, हे व्यायाम किती जोराचा आहे यावर ठरते.

याची जाणीव फार जुनी आहे. जॉन हंटर नावाचे इंग्रज शल्यविशारद 1793 साली वारले. दुसऱ्या वर्षी त्यांचा रक्तावरचा ग्रंथ छापून निघाला. शिकारीत दमछाक होईपर्यंत पळवून मारलेल्या जनावरांचे रक्त नेहमीसारखे गोठत नाही, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. शिकारी लोकांना हे कदाचित त्याआधीही माहीत असेल. हंटर यांना त्याचे कारण कळण्यासारखे नव्हते. दीडशे वर्षांनी, 1947 साली, ऑक्सफर्डच्या रोझमेरी बिग्ज, मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जोराचा व्यायाम केल्यावर किंवा अॅड्रिनलिन टोचल्यावर माणसाच्या रक्तात गुठळी विरघळवण्याची शक्ती वाढते. अॅड्रिनलिन म्हणजे भीती, राग आणि धावपळ यांच्या वेळी अंगात उसळणारे द्रव्य. पुढे 1960 च्या दशकात याच्या उलट बाजूही स्पष्ट झाली. त्याच व्यायामाने आठवा गोठणघटकही वाढतो आणि रक्त लवकर गोठते.

म्हणजे काय? धावल्याने रक्त पातळ होते की घट्ट? दोन्ही होते. या एका गोष्टीमुळे पुष्कळ गोंधळ झाला आहे. वर्तमानपत्रात एकदा 'व्यायामाने गुठळ्या टळतात' असे येते आणि महिन्याभराने 'जिममध्ये हृदयविकाराचा झटका' असे येते. दोन्ही बातम्या आपापल्या जागी खऱ्या असू शकतात.

सावकाश व्यायामापासून सुरुवात करू. झपझप चालणे, सायकल सपाट रस्त्यावर चालवणे, विहिरीवरून पाणी आणणे, निंदणी, अशी कामे करताना श्वास वाढतो पण माणूस बोलू शकतो. अशा श्रमात अस्तरातून गुठळी सोडवणारे द्रव्य अधिक बाहेर पडते, तर गोठण्याची साखळी फारशी जागी होत नाही. 1994 साली तैवानच्या संशोधकांनी निरोगी पुरुषांना सायकलयंत्रावर बसवून प्लेटलेटचा चिकटपणा मोजला. मध्यम श्रमानंतर तो कमी झाला. दमून थांबेपर्यंत सायकल मारायला लावल्यावर तो वाढला, आणि बैठे काम करणाऱ्यांत नेहमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला. सायकल तीच आणि माणसेही निरोगीच. जोर बदलला आणि रक्ताचे वागणे उलटे झाले.

आता जोराचा श्रम घ्या. चढावर पळणे, शर्यतीतली शेवटची धाव, ओझे घेऊन घाईघाईने घाट चढणे. अशा वेळी अॅड्रिनलिन उसळते. अस्तरातला साठवलेला डिंक रक्तात येतो, त्याच्या जोडीने आठवा घटकही येतो, आणि पूर्ण दमेपर्यंत पळालेल्या माणसात तो दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. पांथरी आपल्याजवळ साठवलेल्या प्लेटलेट रक्तात सोडते. घामामुळे आणि स्नायूंत पाणी ओढले गेल्यामुळे रक्तातला पातळ भाग कमी होतो आणि रक्त दाट होते. हे सगळे वजन 'बांधण्याच्या' पारड्यात पडते. त्याच वेळी 'सोडवण्याचे' द्रव्यही कित्येक पटींनी वाढते, म्हणून पळत असताना तराजू बहुधा सांभाळला जातो. यात शहाणपण आहे. रानात जनावर मागे लागले असता पळणाऱ्या माणसाला जखम झाली, तर रक्त लवकर थांबायला हवे, आणि पळताना मात्र रक्तवाहिन्या मोकळ्या राहायला हव्यात.

अडचण येते ती थांबल्यावर. गुठळी सोडवणारे द्रव्य रक्तात फार काळ राहत नाही. यकृत ते काढून घेते आणि काही मिनिटांत ते निम्मे होते. आठवा घटक मात्र रेंगाळतो. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 12 तास लागतात. म्हणजे जोराने पळून झाल्यावर तासाभरात सोडवणारे कामगार घरी गेलेले असतात आणि बांधणारे अजून कामावर हजर असतात. धाव संपली, पाणी पिऊन सावलीत बसलो, आता सगळे ठीक, असे आपल्याला वाटते. रक्ताच्या दृष्टीने पाहिले तर नाजूक वेळ तेव्हा सुरू झालेली असते.

घाबरून जाऊ नका. ज्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत अशा तरुणाला हा तात्पुरता कल सहसा काही करत नाही. गुठळी धरायला काहीतरी निमित्त लागते. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिरशॉ यांच्या नावाने वैद्यकशास्त्रात तीन निमित्ते शिकवली जातात. रक्तवाहिनीचे अस्तर खराब होणे, रक्त एका जागी साचणे आणि रक्तच अधिक गोठण्याजोगे होणे. जोराच्या व्यायामानंतर तिसरे निमित्त काही तास हजर असते. त्याच्या सोबतीला पहिले किंवा दुसरे आले, तर मात्र काळजी.

पहिले निमित्त आपल्यासारख्या वयस्कांचे. तंबाखू, बिडी, साखरेचा आजार, वाढलेला रक्तदाब यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर जागोजागी खडबडीत झालेले असते, आणि बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. अमेरिकेत 1993 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका आलेल्या 1,228 रुग्णांना विचारले, झटक्याच्या आधीच्या तासाभरात तुम्ही जड श्रम केले होते का? आणि एरवी किती वेळा करता? जड श्रमानंतरच्या तासात धोका विश्रांतीच्या वेळेपेक्षा सरासरी जवळजवळ सहापट निघाला. पण जे आठवड्यातून एकदाही जड श्रम करत नव्हते, त्यांच्यात तो 107 पट होता, आणि जे आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा करत होते, त्यांच्यात अडीचपटीहूनही कमी. पन्नाशीच्या निरोगी माणसाला एखाद्या ठरावीक तासात झटका येण्याची शक्यता मुळात फारच थोडी असते, म्हणून 107 हा आकडा ऐकून कोणी खुर्चीत बसून राहू नये. खुर्चीत बसून राहणाऱ्याचाच तो आकडा आहे. वर्षभर बसून एका दिवशी दोर ओढायचा, हे टाळायला हवे. रस्सीखेच बंद करा असे मी म्हणत नाही. सणाच्या दोन-तीन महिने आधीपासून रोज चालायला लागा.

सराव म्हणजे नेमके किती? तैवानच्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. बैठ्या पुरुषांना आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, मध्यम जोराने सायकल मारायला लावली. आठ आठवड्यांनी त्यांच्या प्लेटलेट विश्रांतीच्या वेळीही कमी चिकट झाल्या होत्या, आणि जोराच्या श्रमानंतर पूर्वीइतक्या चिडत नव्हत्या. मग व्यायाम बंद करायला सांगितला. बारा आठवड्यांत सगळे पूर्वीसारखे झाले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो आशाही देतो आणि आळशी माणसाची पळवाटही बंद करतो. कॉलेजात असताना आम्ही खो-खो खेळायचो, हे सांगून चाळीस वर्षांनंतर काही फायदा नाही. सराव चालू असेपर्यंतच रक्त तो लक्षात ठेवते.

व्यायाम मध्यम आहे की जोराचा, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना शेजाऱ्याशी बोलता येते पण गीत म्हणता येत नाही, तो मध्यम. आपल्या लोकांना ही कसोटी सोपी आहे. तोंडपाठ असलेल्या गीताचे एक कडवे म्हणून पाहा. सुरात पूर्ण म्हणता आले, तर पाय जरा उचला. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तुम्ही जोराच्या व्यायामात शिरला आहात. नाडी मोजायची असेल तर 220 मधून आपले वय वजा करा. पन्नास वर्षांच्या माणसाला 170 येतात. मिनिटाला साधारण 109 ते 129 ठोके म्हणजे त्याच्यासाठी मध्यम श्रम. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मंद ठेवतात, त्या घेणाऱ्यांनी गीताचीच कसोटी वापरावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास, पाच दिवस, एवढ्याने त्याची खालची मर्यादा पूर्ण होते.

आता दुसरे निमित्त, रक्त साचणे. इथे आपल्या मुलांचा विषय येतो.

1940 साली लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक रात्र रात्र भुयारी निवाऱ्यांत बसून काढत. अनेकजण कापडी घडीच्या खुर्चीवर झोपत. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतत असे. त्या काळात फुप्फुसात गुठळी जाऊन अचानक मरण पावणाऱ्यांची संख्या वाढल्याचे शवचिकित्सक किथ सिम्पसन यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी ते त्याच वर्षी छापून जाहीर केले. पायात साचलेल्या रक्ताची गुठळी होऊन ती सुटली आणि फुप्फुसात अडकली होती. त्यानंतर निवाऱ्यांत झोपायच्या फळ्या बसवण्यावर भर देण्यात आला. पोटरीचे स्नायू हे पायातल्या रक्ताचे पंप आहेत. ते हलले नाहीत तर रक्त वर चढत नाही. चार तासांहून लांबचा बसून केलेला प्रवास, मग तो विमानाचा असो, बसचा असो की रेल्वेचा, अशा गुठळीची शक्यता सुमारे दुप्पट करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात म्हटले आहे. निरोगी माणसात ती दुप्पट होऊनही थोडीच राहते.

बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये पळालेल्या निरोगी धावपटूंचे रक्त काही संशोधकांनी तपासले. जे चार तासांहून जास्त विमानप्रवास करून आले होते, त्यांच्या रक्तात धावेनंतर गोठण्याच्या खुणा गावातल्या व आसपासच्या धावपटूंपेक्षा जास्त आढळल्या. लांब बसणे आणि जोराने पळणे एकत्र आले की पारडे एकाच बाजूला झुकते.

आमची मुले भरतीला कशी जातात ते तुम्हाला माहीत आहे. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरून निघायचे, जीपने तालुक्याला यायचे, रात्रभर एस.टी.त गुडघे पुढच्या सीटला टेकवून बसायचे. पहाटे मैदानाबाहेर रांग. पाणी प्यायले तर रांग सोडून जावे लागेल म्हणून पाणी प्यायचे नाही. मग मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. त्या पाच-सहा मिनिटांवर घरच्यांची सगळी आशा असते, म्हणून जीव तोडून पळायचे. आणि त्याच संध्याकाळी पुन्हा रात्रभराची एस.टी. वरचे सगळे वाचल्यावर तुम्हाला दिसेल की या एका दिवसात लांब बसणे, कोरडे पडणे, जिवाच्या आकांताने पळणे आणि पुन्हा लांब बसणे हे सगळे एका माळेत ओवलेले आहे. अठरा-वीस वर्षांची ही लेकरे दणकट असतात आणि बहुतेकांना काहीही होत नाही. पण यातली एकही गोष्ट अटळ नाही. वाट सोपी करणे आपल्या हातात आहे.

म्हणून या वर्षीपासून मुलांना एक दिवस आधी पाठवून मुक्कामाची सोय करायचे ठरले आहे. शहरातल्या दोन मंडळ्यांनी आपला हॉल उघडून देण्याचे कबूल केले, त्यांचे आभार. पळून झाल्यावर लगेच आडवे पडायचे नाही, दहा मिनिटे चालत राहायचे, कारण एकदम थांबले की रक्त पायात उतरते आणि चक्कर येते. परतीच्या गाडीत दर तासाला उठायचे, निदान बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या. पाणी थोडे थोडे, सतत.

उरला वॉर्डनभाऊंचा खरा प्रश्न, तीन वाहक मुलांचा. सिकलसेल हा आजार भारतात पहिल्यांदा 1952 साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. आपल्याकडे सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात आणि गडचिरोलीकडच्या गोंड-माडियांत तो बराच आढळतो. ज्याला आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक मिळाले तो रुग्ण. एकाकडूनच मिळाले तो वाहक. वाहक हा आजारी नाही. त्याचे रोजचे आयुष्य इतरांसारखेच असते. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अस्तराला खरवडतात, आणि त्याचे रक्त विश्रांतीच्या वेळीही गोठण्याकडे कललेले असते. अशा मुलाने स्पर्धेसाठी दम लागेपर्यंत पळू नये. हलका व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

वाहकाबद्दल अमेरिकन सैन्याने आपल्याला दोनदा शिकवले. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्राथमिक प्रशिक्षणातल्या वाहक जवानांत कारण न सापडलेल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण इतर जवानांच्या तुलनेत कित्येक पटींनी जास्त दिसले, आणि वाहकांना पळू द्यावे की नाही अशी भीती पसरली. त्यानंतर सैन्याने उन्हाच्या वेळा टाळणे, पाणी, टप्प्याटप्प्याने सराव, त्रास होताच थांबणे, हे नियम सर्वच जवानांना लागू केले. 2016 साली सुमारे 48,000 कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास झाला. त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. अतिश्रमाने स्नायू विरघळून मूत्रपिंडाला धोका होण्याचे प्रमाण मात्र वाहकांत 54 टक्क्यांनी अधिक होते. फुप्फुसात गुठळी जाण्याची शक्यताही वाहकांत इतरांपेक्षा काहीशी जास्त असते, हे वेगळ्या अभ्यासांतून माहीत आहे. तेव्हा वाहकाला मैदानाबाहेर बसवणे हा अन्याय आहे, आणि त्याला इतरांसारखेच दामटणे हा निष्काळजीपणा. वॉर्डनभाऊंना मी आता असे सांगितले आहे की, तिघांनाही पळू द्या, पण पहिल्या दिवशी 1600 मीटर नको.

सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे आणि आदिवासी भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करण्याचे ठरवले आहे. आपल्या वसतिगृहातल्या सर्व मुलामुलींची तपासणी त्यातूनच झाली. कार्ड लपवू नका, एवढेच आम्ही मुलांना परत परत सांगतो. काही मुले लपवतात. भरतीतून काढतील किंवा लग्नाला अडचण येईल, अशी त्यांना धास्ती असते.

काही खुणा घरोघरी माहीत असाव्यात. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते, तर ती मुरगळ समजून चोळू नका, दवाखान्यात या. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, तर वाट पाहू नका. पळताना छातीत दाब येऊन तो जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेला, तर तेथेच थांबा. पळून झाल्यावर मांड्या दगडासारख्या होऊन दुखल्या आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी आणा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, नुकतेच बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बहिणींनी पायाच्या सुजेकडे अधिक लक्ष द्यावे. आणि मुळात ज्यांनी हा लेख वाचून उद्यापासून पळायला सुरुवात करायचे ठरवले असेल आणि ज्यांचे वय पन्नासच्या पुढे आहे, त्यांनी आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, आणि पळण्याऐवजी चालण्यापासून सुरुवात करावी.

नवी तुकडी जूनमध्ये सुरू झाली. वेळ पहाटे साडेपाचची. पहिले चार आठवडे फक्त चालणे आणि सावकाश धावणे, मग हळूहळू वेग, आणि पूर्ण 1600 मीटर घड्याळ लावून बाराव्या आठवड्यात. मैदानाच्या दोन टोकांना पाण्याचे दोन ड्रम आहेत. ते तुमच्या ईस्टरच्या दानार्पणातून घेतले. मागच्या आठवड्यात तीन वाहक मुलांपैकी एकाने तिसऱ्या फेरीत हात वर केला, मांड्या धरल्या म्हणाला आणि कडेला येऊन बसला. वॉर्डनभाऊ त्याच्यावर ओरडले नाहीत. पाण्याचा तांब्या घेऊन ते त्याच्याजवळ गेले, थोड्या वेळाने त्याला उठवून सावकाश चालवले, आणि वहीत त्याच्या नावापुढे 'उद्या दोनच फेऱ्या' असे लिहिले.